पॉडकास्ट सुरू करण्यात अर्थ आहे का? (मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचा)

उदगीरकर
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय, आज विचारूनच टाकतो.

मला पॉडकास्ट सुरू करायचाय. विषय एकच: आपल्याकडची म्हातारी माणसं आणि त्यांनी पाहिलेला मराठवाडा. निजामाची राजवट, रझाकार, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप. मुक्तिसंग्रामावर पुस्तकं आहेत, पण ती बहुतेक पुढाऱ्यांची आणि सत्याग्रहींची. ज्या बाईनं रझाकार येणार म्हणून लेकरं पोटाशी धरून उभ्या ज्वारीत रात्र काढली, तिचं बोलणं कुठं आहे? १९४८ ला दहा वर्षांचं असलेलं लेकरू आज नव्वदीच्या घरात आहे. हातात फार वर्षं नाहीत.

मी बँकेत नोकरीला आहे, सुट्टीचे दिवस तेवढे मोकळे. आवाजाचं तांत्रिक काही येत नाही. घरी बोललो तर बायको म्हणाली, "ऐकणार कोण? लोक तीस सेकंदांचं रील पण पूर्ण बघत नाहीत." तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडं काही नाही. म्हणून इथं विचारतो. यात अर्थ आहे का? आणि करायचंच तर नुसता आवाज ठेवावा की व्हिडिओ?

मांजराकाठ
अर्थ आहे. करा.

जालनावाला
दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विषय चांगला आहे, पण पॉडकास्ट म्हणून करू नका. पॉडकास्ट ऐकणारा माणूस पुण्या-मुंबईत रोज दोन तास गाडीत अडकलेला असतो. आपल्याकडं मोबाईल हातात आला की यूट्यूब उघडतं, दुसरं ॲप कोणी टाकून घेत नाही.

पैशाचं गणितही मांडून बघा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं लागतं. एक माणूस दहा मिनिटं ऐकतो असं धरलं तरी २४,००० वेळा कोणीतरी ते लावायला पाहिजे. त्यानंतर पैसे सुरू होणार, आणि तेही किरकोळ. ऑडिओच्या ॲपवर तर आपल्यासारख्या नवख्याला काहीच नाही. नोकरीवाल्या माणसानं सुट्ट्या घालवायच्या तर हे माहीत असू द्यावं, एवढंच.

पाथरीची लेक
जालनावाला, पुण्यात दोन तास गाडीत अडकलेली ती मीच. हिंजवडीहून घरी येताना रोज ऐकते. आणि मला काय ऐकायचं असतं माहितीय का? माझ्या आईसारखं बोलणारं कोणीतरी. मराठी पॉडकास्ट आता बरेच झालेत, चांगलेही आहेत, पण त्यात मुलाखत घेणारा आणि देणारा दोघंही एकाच पद्धतीचं मराठी बोलतात. आमच्या पाथरीची, मानवतची, सेलूची बाई बोलताना ऐकायची तर मला घरी फोनच लावावा लागतो.

मराठवाड्याबाहेर गेलेली आपली पोरं किती आहेत बघा. पुणे, ठाणे, हैदराबाद, सुरत. श्रोता तिथं बसलाय. उदगीरकर दादा, वहिनींना सांगा, एक तरी नक्की ऐकणार आहे.

रब्बीवाला
शेतकरी ऐकत नाही हे कोणी सांगितलं? आमच्या फीडरला शेतीची लाईट आलटून पालटून येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला बारा वाजता शेतात जावं लागतं. त्या टायमाला मोबाईल खिशात आणि आवाज चालू. व्हिडिओ बघायला हात आणि डोळे मोकळे लागतात, तिथं एका हातात बॅटरी असते अन् दुसऱ्या हातात खोरं. ट्रॅक्टरवर तेच, कापूस वेचताना बायांचं तेच.

फक्त दोन गोष्टी. एक, कानात बोळे घालून रात्री शेतात फिरू नका म्हणावं, जनावराची चाहूल लागली पाहिजे. मोबाईल वरच्या खिशात ठेवून मोठ्यानं लावायचा. दुसरं, व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असं करा. आमच्या गावात कोणी लिंक उघडत नाही, पण आवाजाची फाईल आली की सगळे ऐकतात.

जालनावाला
@रब्बीवाला, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पटलं.

ध्वनिदूत
संभाजीनगरला रेकॉर्डिंगचं काम करतो, म्हणून तांत्रिक बाजूचं सांगतो.

आधी आकाराचं, कारण रब्बीवाला यांनी व्हॉट्सॲपचा विषय काढलाय. नुसतं बोलणं असेल तर मोनोमध्ये ६४ केबीपीएस एमपी३ पुरतं. तासाला साधारण २९ एमबी, म्हणजे अर्ध्या तासाचा भाग १५ एमबीच्या आत बसतो. तेवढाच व्हिडिओ याच्या कित्येक पट होतो. जिथं रेंजच धड नाही तिथं हा फरक फार मोठा आहे. पण मूळ रेकॉर्डिंग कधीही एमपी३ मध्ये करू नका. ते डब्ल्यूएव्हीमध्येच (आवाज न दाबता ठेवणारी मोठी फाईल) ठेवा, बारीक फाईल नंतर काढता येते. एकदा बारीक केलेल्यातून गेलेलं परत येत नाही.

माईकवर लगेच पैसे घालू नका. हजार-दीड हजारात वायरचा कॉलर माईक येतो, तो मोबाईलला लावून सुरुवात होते. म्हाताऱ्या माणसाच्या पदराला किंवा बंडीला तो हनुवटीपासून वीतभर खाली लावायचा. काचेच्या बांगड्या, गळ्यातली पोत, हे सगळं माईकला घासतं, तेवढं बघायचं. मोबाईल एअरप्लेन मोडवर, नाहीतर नेमकं रंगात आलं की फोन येतो. पंखा बंद, कूलर बंद, फ्रीज त्याच खोलीत असेल तर तोही थोडा वेळ बंद. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तिथं खाली सतरंजी आणि भिंतीच्या कडेनं दोन-चार गोधड्या टाका. शक्य असेल तर माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात बसा. जाड मातीच्या भिंतींत आवाज इतका छान येतो की स्टुडिओची गरज पडत नाही.

सफाईला ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. पण फार सफाई करू नका. "नॉइज रिडक्शन" जास्त लावलं की म्हाताऱ्या माणसाचा मूळचाच कापरा आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

मांजराकाठ
लोडशेडिंगच्या वेळेत रेकॉर्डिंग ठेवायचं मग. महावितरणच पंखे बंद करून देतं. :)

बिंदुसरा
मी बीडहून असा एक उपक्रम चालवलाय, आता बंद आहे. त्यावरून सांगते.

बोलणं रेकॉर्ड करायला तास लागतो. ते परत ऐकायला तास, काटछाट करायला एक अख्खी सुट्टी, मग नाव, माहिती, चित्र, चढवणं. नोकरी करणाऱ्या माणसानं "दर आठवड्याला नवा भाग" जाहीर केलं की तिसऱ्या महिन्यात घरात भांडणं सुरू होतात. माझी बदली झाली आणि ते थांबलंच.

म्हणून माझं सांगणं: दर आठवड्याचं वचन कोणाला देऊ नका. सहा भागांचा एक संच करा. सहाच्या सहा रेकॉर्ड होऊन, काटछाट होऊन तयार झाल्याशिवाय पहिला भाग बाहेर काढू नका. मग ते सहा आठवडे ओळीनं सोडा आणि थांबा. पुढचा संच होईल तेव्हा होईल. लोक वाट बघतात, विषय चांगला असेल तर निश्चित बघतात.

दुसरं, फाईल कुठं ठेवता याला फार महत्त्व आहे. पॉडकास्टची फाईल एका ठिकाणी असते आणि तिच्या फीडचा पत्ता सगळी ॲप वाचतात. तो पत्ता स्वतःच्या ईमेलवर नोंदवा, मदत करणाऱ्या पोराच्या नाही. आणि कोणत्याही कंपनीच्या भरवशावर मूळ फाईल सोडू नका. अँकर हे पॉडकास्ट चढवायचं ॲप २०१९ मध्ये स्पॉटिफायनं घेतलं, पुढं त्याचं नावच बदललं. गूगल पॉडकास्ट तर २०२४ मध्ये बंद करून लोकांना यूट्यूब म्युझिककडं जायला सांगितलं. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये क्लबहाऊस या नुसत्या आवाजाच्या गप्पांच्या ॲपवर आपल्या लोकांनी रात्र-रात्र काय सुंदर गप्पा मारल्या! बहुतेक कोणी जपून ठेवल्या नाहीत, त्या गेल्या.

गोदाकाठ
बिंदुसरा ताई, +१. क्लबहाऊसच्या त्या खोल्यांत मीही असायचो. लॉकडाऊनला गावी अडकलेले आपले लोक पहाटे दोनपर्यंत बोलायचे.

शुद्धमती
उपक्रम स्तुत्य आहे. एकच सुचवते: निवेदन प्रमाण मराठीत ठेवावे. कोल्हापूर, नाशिक, नागपूरच्या श्रोत्याला सगळे कळायला हवे. शिवाय शाळा-महाविद्यालयांत वापरायचे झाले तर प्रमाण भाषाच सोयीची.

रब्बीवाला
कामून बरं ताई? नागपूरवाला त्याच्या बोलीत बोलतो ते आम्हाला कळतंच की.

पाथरीची लेक
शुद्धमती ताई, आदरानं असहमत. "मी तिथं जाऊ लालते" असं म्हणणाऱ्या आजीला प्रश्न विचारणारा पुस्तकी बोलायला लागला की आजी लगेच सावरून बसते. मग ती पण पाहुण्यांसमोर बोलतात तसं बोलते, आणि निम्मं सांगायचं राहून जातं. शहरातल्या ऑफिसात माझं स्वतःचं तसं व्हायचं, त्यामुळं मला हे पक्कं माहीत आहे.

शुद्धमती
प्रश्न विचारताना बोलीत विचारावे, हे मान्य. मी सुरुवातीच्या ओळखीबद्दल म्हणत होते: हे गाव कुठे, ही घटना कोणती, साल काय. ते दोन मिनिटांचे निवेदन सर्वांना कळेल असे असावे.

जुना निवेदक
दोघींचंही बरोबर आहे, आणि रेडिओनं यातून वाट काढलेली होती. परभणी आकाशवाणीवर शेतीचे कार्यक्रम ऐकले असतील त्यांना आठवेल. बातम्या प्रमाण मराठीत, पण शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात गप्पा मारणारी पात्रं गावातल्यासारखीच बोलायची. परभणीच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञसुद्धा तिथं आले की फवारणीचं प्रमाण लिटरमध्ये न सांगता पंपामागं किती झाकणं ते सांगायचे. त्यामुळं ऐकणाऱ्याला उपयोग व्हायचा.

उदगीरकर, तुम्हाला एक सांगतो. माईकसमोर बसल्यावर "श्रोतेहो" म्हणून हजार माणसांशी बोलू नका. तुमच्या ओळखीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याशी बोला. रेडिओ एकट्यानं ऐकला जातो. पाणी देणारा शेतकरी, स्वयंपाक करणारी बाई, गाडीत बसलेली ही पाथरीची लेक, प्रत्येक जण एकटा ऐकतो.

आणि समोरचा गप्प झाला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात पाचपर्यंत मोजा. खरं बोलणं बहुतेक त्या गप्प बसण्यानंतर येतं.

माळवद
मी औशाकडचा. किल्लारीचं तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथं फक्त वाचत असतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. आमच्याकडची घरं दगडाची, मातीत रचलेली, वर हातभर मातीचं माळवद. ध्वनिदूत म्हणतात तसा आवाज त्यात छान येतो, उन्हाळ्यात गारही असतात. पण त्या रात्री तेच माळवद अंगावर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली.

माझी मावशी त्यातून वाचली. तिच्याकडं चॅनलवाले बरेच येऊन गेले. प्रत्येक जण विचारायचा, "त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?" मावशी पदर तोंडाला लावायची आणि दोन वाक्यांत संपवायची. तेवढं त्यांना पुरायचं, कॅमेऱ्यात डोळ्यांतलं पाणी आलेलं असायचं.

एकदा मी तिच्याजवळ बसून विचारलं, "मावशे, आदल्या दिवशी घरात काय केलं होतंस?" म्हणाली, "पुरण घातलं होतं. उलुसं उरलं होतं, सकाळी लेकरांना देऊ म्हणून शिंक्यात ठेवलं." आणि मग तिथून ती सांगत गेली. शिंकं कुठल्या आढ्याला होतं, कोण कुठं झोपलं होतं, धाकट्याला अंगणात का झोपायचं होतं, तिनं त्याला थंडी वाजेल म्हणून आत कसं आणलं. तास गेला. मी मोबाईल चालू ठेवला होता, तिला सांगूनच.

ती रेकॉर्डिंग मी कोणाला ऐकवलेली नाही आणि ऐकवणार नाही, ती हो म्हणेपर्यंत. उदगीरकर दादा, म्हणून माझी विनंती एवढीच. "काय वाटलं" असं विचारू नका. काय शिजलं होतं, दार कुणीकडं होतं, अंगावर कपडे कोणते होते, ते विचारा. आणि रेकॉर्ड झालं म्हणजे ते जगाला ऐकवलंच पाहिजे असं समजू नका. आधी त्यांना स्वतःला ऐकवा. त्या माणसानं "हे काढा" म्हटलं की काढायचं, कितीही चांगलं असलं तरी.

पाथरीची लेक
माळवद दादा, काय बोलू. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

जुना निवेदक
धागा इथं थोडा थांबू द्या. मग पुढचं.

नांदेडचा वकील
माळवद यांनी परवानगीचा विषय काढलाच आहे, तर व्यवहाराचं सांगतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि "हे लोकांना ऐकवायला माझी हरकत नाही" असं त्यांच्याच तोंडून घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी हेच चांगलं. शक्य असेल तर मुलाच्या किंवा सुनेच्या समोर घ्या, म्हणजे पुढं घरात वाद होत नाहीत.

रझाकारांच्या काळाबद्दल बोलताना गावातल्या एखाद्या घराण्याचं नाव घेतलं जातं. त्यांची नातवंडं आजही त्याच गल्लीत राहतात. अशी नावं वगळा. मूळ रेकॉर्डिंगमध्ये राहू द्या, बाहेर काढताना वगळा. त्याच काळात हिंदूंना लपवणारे मुसलमान शेजारी होते, आणि पोलीस ॲक्शननंतर (१९४८ ची भारताची हैदराबादवरची लष्करी कारवाई) मुसलमान शेजाऱ्यांना लपवणारे हिंदूही होते. दोन्हीकडच्या घरांत जा. एकाच बाजूचं गोळा केलंत तर मी तुमचा पॉडकास्ट ऐकणार नाही.

सुरुवातीला संगीत म्हणून सिनेमाचं गाणं लावू नका. नाथांचं भारूड कोणाच्या मालकीचं नाही, पण एखाद्या गायकाचं त्याचं रेकॉर्डिंग मालकीचं असू शकतं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो. गावातल्या भजनी मंडळाकडून स्वतः रेकॉर्ड करून घ्या, त्यांनाही आनंद होईल.

गोदाकाठ
वकीलसाहेब, दोन्हीकडच्या घरांबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्या आजोबांचे सगळ्यात जवळचे मित्र उर्दू शाळेतले होते. आजोबा शेवटपर्यंत हिशेब उर्दूत लिहायचे.

बिंदुसरा
गाण्यावरून आठवलं. जात्यावरच्या ओव्यांचं असंच काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी केलं. लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आणि आज त्यातल्या खूपशा 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साईटवर ऐकायला मिळतात. त्यात आमच्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. ते रेकॉर्डिंग नव्वदच्या दशकातलं आहे. तेव्हा पॉडकास्ट हा प्रकारच नव्हता. त्यांनी आधी आवाज जमवला, नीट नोंद करून ठेवला, म्हणून आज तो माझ्या मोबाईलवर वाजतो.

म्हणून उदगीरकर दादा, पॉडकास्ट करावा की नाही हा प्रश्न नंतरचा आहे असं मला वाटतं. म्हातारी माणसं आज बोलतात. पॉडकास्ट पुढच्या वर्षीही सुरू करता येईल.

जालनावाला
ताईंच्या या मुद्द्यावर माझा पहिला विरोध मागं घेतो. पैशाचं मात्र अजून सांगायचंय. पुढंमागं कोणी जाहिरात द्यायला आलं तर कोणाकडून घ्यायची ते आधीच ठरवा. लातूरचे क्लासवाले देतील, बियाण्याचे दुकानदार देतील. दुकानदाराचे पैसे घेतले की एखाद्या आजोबांनी बोगस बियाण्याचं दुःख सांगितलेलं तुम्हाला कापावं लागेल. त्यापेक्षा जाहिरात नसलेली बरी. खर्च फार नाहीच आहे, वरती हिशेब दिसतोय.

उदगीरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. माळवद, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आधी माझ्या आत्याकडं जाऊ. ती बहात्तरला खडी फोडायला होती, दुष्काळात वाटायच्या त्या सुकडीवर लेकरं वाढवली." आता प्रश्न काय विचारायचे तेही तीच लिहून काढतीय.

ठरवलं ते असं. पॉडकास्टचं नाव, चित्र, चॅनल यातलं काहीच आत्ता करत नाही. कॉलर माईक घेतो. या दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जमतील तेवढ्या घरी जाऊन बसतो, हिंदू-मुसलमान दोन्हीकडं. डब्ल्यूएव्ही फाईल दोन ठिकाणी, फाईलच्या नावात गाव आणि तारीख. प्रत्येकाला त्याचं रेकॉर्डिंग पेन ड्राईव्हवर टाकून परत नेऊन देणार. सहा जणांची मनापासून परवानगी मिळाली तर सहा भाग, नुसता आवाज. व्हिडिओचा विचार सोडला. कॅमेरा बघून आत्या पदर सावरत बसेल.

ओळखीचं निवेदन शुद्धमती ताईंनी तपासून दिलं तर फार बरं होईल. प्रश्न आमच्या उदगीरच्याच बोलीत.

आता मदत पाहिजे. निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून शिकलेलं, आणि आज बोलता येण्याइतकी तब्येत असलेलं कोणी माहीत आहे का? उदगीर, देगलूर, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यात असेल तर मी मोटारसायकलवर येतो.

शुद्धमती
आनंदाने तपासून देईन. पाठवा.

ध्वनिदूत
पहिली फाईल झाली की मला पाठवा, ऐकून सांगतो. कामाचे पैसे लागणार नाहीत.

गोदाकाठ
देगलूरला माझे एक मामेसासरे आहेत, नव्वदीच्या पुढचे. चौथीपर्यंत उर्दू, हाली रुपयाचा (निजामाच्या राज्यातलं चलन) पगार घेतलेला, आणि स्मरण अजून पक्कं. सकाळी अकराच्या आत या, दुपारी झोपतात. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, डावीकडं बसा. पत्ता व्यनि करतो.

रब्बीवाला
फाईल तयार झाली की आधी आमच्या ग्रुपवर टाका दादा. हरभऱ्याला पाणी सुरूच असेल तोवर.